नेपियर ते हॅमिल्टन: दोन भारतीय संघांमागे १९ दिवस

२०१९ च्या जानेवारी-फेब्रुवारीत भारताचे दोन संघ एकाच वेळी न्यूझीलंडमध्ये होते. पुरुषांचे पाच एकदिवसीय आणि तीन टी-ट्वेंटी, महिलांचे तीन एकदिवसीय आणि तीन टी-ट्वेंटी. वेळापत्रक शेजारी शेजारी ठेवलं की एक गोष्ट लगेच दिसते. महिलांचे तिन्ही एकदिवसीय सामने पुरुषांच्याच मैदानांवर आणि पुरुषांच्या सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी होते: नेपियर २३ आणि २४ जानेवारी, माउंट माँगानुई २८ आणि २९, हॅमिल्टन ३१ जानेवारी आणि १ फेब्रुवारी. टी-ट्वेंटीचे तीन दिवस तर दुपारी महिला आणि संध्याकाळी पुरुष असे जोडसामनेच होते.

तरीही बहुतेक प्रेक्षक पुरुषांचा सामना संपला की बॅगा भरतात आणि पुढच्या गावाला निघतात. असा दौरा पुन्हा जुळून आला, तर प्रत्येक मुक्कामी एक रात्र जास्त धरा. एका रात्रीचं मोटेलचं भाडं वाढेल, पण त्या बदल्यात काय पाहायला मिळतं ते पुढे येईलच.

उतरण्याआधीचं थोडं. न्यूझीलंडच्या विमानतळावर खाण्याच्या वस्तूंची तपासणी अतिशय कडक असते. लाडू, चिवडा, लोणचं, मेतकूट, मसाल्याची पुडी, जे काही बरोबर असेल ते सगळं फॉर्मवर लिहा. लिहिलेली वस्तू फार तर काढून घेतात. न लिहिलेली सापडली तर जागेवर ४०० डॉलर दंड होतो. ताजी फळं आणि मध नेऊच नका. बुटांच्या तळाला माती असेल तर घरीच घासून घ्या, कारण तेही विचारतात आणि बघतात. घड्याळ या दिवसांत भारताच्या साडेसात तास पुढे असतं, म्हणजे तिथे दुपारी ३ वाजता पहिला चेंडू पडतो तेव्हा घरी सकाळचे साडेसात वाजलेले असतात.

२३ जानेवारी, नेपियर

हॉक्स बे हा सफरचंदांचा आणि द्राक्षमळ्यांचा भाग. ३ फेब्रुवारी १९३१ च्या भूकंपात नेपियर जवळजवळ सगळं पडलं. या भागात २५६ माणसं गेली. गाव नव्याने बांधलं ते त्या काळच्या आर्ट डेको शैलीत, म्हणून आजही मुख्य रस्त्यांवर फिकट गुलाबी, पिवळ्या, निळसर दर्शनी भिंती आणि त्यांवर भौमितिक नक्षी दिसते. त्याच भूकंपाने समुद्राचा तळ वर उचलला गेला आणि नवी जमीन तयार झाली. गावाचा विमानतळ त्या जमिनीवर आहे, त्यामुळे विमानाने येणारा माणूस पहिलं पाऊल ठेवतो ते एकेकाळच्या खाडीत. मरीन परेडवरून चालायला सुरेख वाटतं, पण किनारा वाळूचा नाही, काळ्या गोट्यांचा आहे. पोहायला म्हणून जाऊ नका.

मॅकलीन पार्क गावातच आहे, चालत जाता येतं. शमीने सुरुवातीलाच दोन्ही सलामीवीर उडवले आणि त्यात १०० एकदिवसीय बळीही पूर्ण केले. हे ५६ सामन्यांत, तेव्हा भारतीयांमध्ये सर्वांत जलद. मधल्या षटकांत कुलदीपने ३९ धावांत ४ गडी घेतले. विल्यमसनच्या ६४ धावा सोडल्या तर यजमानांकडे काही नव्हतं, ३८ षटकांत १५७ वर सगळे बाद झाले.

भारताच्या डावात अकराव्या षटकात खेळ थांबला. पाऊस नाही, अंधार नाही. थांबला तो सूर्यामुळे. जगभर खेळपट्टी शक्यतो उत्तर-दक्षिण आखतात, म्हणजे सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन कुणाच्या डोळ्यांत जात नाही. मॅकलीन पार्कची खेळपट्टी पूर्व-पश्चिम आहे. मैदान रग्बीचंही असल्याने त्याची लांबी-रुंदी आधीच ठरलेली. एका टोकाच्या फलंदाजाला मावळता सूर्य थेट गोलंदाजाच्या हातामागे दिसत होता आणि चेंडू दिसत नव्हता. पंचांनी सुरक्षेचं कारण देऊन जवळपास अर्धा तास खेळ थांबवला, एक षटक कापलं आणि लक्ष्य ४९ षटकांत १५६ केलं. धवनच्या नाबाद ७५ धावांनी सामना आठ गडी राखून संपला.

प्रेक्षकालाही हाच हिशेब लागू पडतो. इथे तिकीट घेताना कोणता स्टँड पूर्वेकडे तोंड करून आहे ते बघा. पश्चिमेकडे तोंड करून बसलात तर संध्याकाळी ६ ते ८ कपाळावर हात धरूनच सामना पाहावा लागेल. दुसरी अडचण जेवणाची. लहान गावांत हॉटेलांची स्वयंपाकघरं ८-९ वाजता बंद होतात. जेवण सामन्याआधी करा किंवा खोलीवर तयार ठेवा. न्यूझीलंडच्या मोटेलांमध्ये बहुधा छोटं स्वयंपाकघर असतंच. तांदूळ आणि मुगाची डाळ मोठ्या सुपरमार्केटमध्ये मिळते, खिचडीची सोय होते.

२४ जानेवारी, तेच मैदान

आदल्या रात्रीची गर्दी नव्हती, हवी तिथे जागा होती. न्यूझीलंडच्या महिला १९२ वर आटोपल्या. एकता बिष्ट आणि पूनम यादव, प्रत्येकी तीन बळी. मग सांगलीची स्मृती मानधना आणि मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज सलामीला आल्या आणि त्यांनी १९० धावांची भागीदारी केली. स्मृती १०५, तीही १०४ चेंडूंत. जेमिमा नाबाद ८१. लक्ष्य ३३ षटकांतच गाठलं गेलं, फक्त एक गडी गमावून.

हे दोघींचं खेळणं मैदानात बसून पाहण्यासारखं होतं, कारण टीव्हीवर धावा दिसतात, क्षेत्ररक्षकांची हालचाल दिसत नाही. स्मृतीने कव्हरमधून चौकार मारला की कर्णधार तिथे माणूस हलवायची, आणि पुढचा फटका बरोबर त्या माणसाने सोडलेल्या जागेतून जायचा. जेमिमा त्याच वेळी एकेरी धावा पळून काढत होती. रिकाम्या स्टँडमध्ये त्यांची हाकारलेली ‘यस’, ‘नो’ सीमारेषेपर्यंत ऐकू येते. पुरुषांच्या सामन्यात ढोलताशांच्या गजरात ते शक्य नसतं. सांगली-माधवनगरच्या मुलीचं परदेशातलं शतक मराठी माणसाने एका रात्रीच्या मुक्कामासाठी चुकवावं, हे मनाला पटत नाही.

२५ जानेवारी, रस्ता

नेपियरहून टाउपो, रोटोरुआ करत माउंट माँगानुई. सुमारे ३०० किलोमीटर, न थांबता चार तास. गाडी डाव्या बाजूने चालते आणि इंग्रजीत छापलेला भारतीय परवाना चालतो, त्यामुळे आपल्याला सोपं आहे. दोन गोष्टींत चूक होते. एक, नेपियर ते टाउपो हा १४० किलोमीटरचा डोंगराळ पट्टा जवळपास निर्मनुष्य आहे, टाकी नेपियरलाच भरा. दोन, एकपदरी पूल. पाटीवर दोन बाण असतात. तुमच्या दिशेचा बाण लहान आणि लाल असेल तर थांबायचं तुम्ही, समोरून येणारा आधी जाणार.

टाउपोला हुका धबधबा रस्त्यापासून दोन मिनिटांवर आहे. रोटोरुआत शिरताना गंधकाचा वास गाडीच्या काचा बंद असूनही येतो. कुइराउ पार्कमध्ये उकळत्या चिखलाची कुंडं फुकट पाहता येतात.

२६ ते २९ जानेवारी, माउंट माँगानुई

दौऱ्यातला सगळ्यात सुंदर मुक्काम हाच. एका बाजूला लांबच लांब पांढरी वाळू, दुसऱ्या बाजूला बंदर, आणि टोकाला माउआओ हा २३२ मीटरचा डोंगर. पायथ्याची प्रदक्षिणा पाऊण तासाची, माथा साधारण तेवढ्याच वेळात गाठता येतो. सामना दुपारी ३ ला असतो, म्हणजे पहाटे चढून, समुद्रात डुंबून, पोटभर खाऊन मैदानावर वेळेत पोहोचता येतं.

बे ओव्हल हे मोठ्या स्टँडचं मैदान नाही. चहूबाजूंनी गवताचे उतार आहेत. लोक सतरंजी, बुटक्या खुर्च्या, डबे घेऊन येतात. पोरांच्या हातात प्लॅस्टिकची बॅट असते आणि डावांच्या मधल्या वेळात उतारामागे डझनभर सामने सुरू होतात. जवळच ‘ते पुके’ नावाचं किवी फळांच्या बागांचं गाव आहे आणि तिथे पंजाबी वस्ती मोठी आहे. २६ जानेवारीच्या शनिवारी त्या बागांमधली कुटुंबंच्या कुटुंबं आली होती. प्रजासत्ताक दिन, तिरंगे, ढोल, आणि शेजारी ब्लॅक कॅप्सचा, म्हणजे न्यूझीलंड संघाचा, काळा टी-शर्ट घातलेली आजी-आजोबांची रांग. घराणी दोन, सतरंज्या लागून लागून.

उतारावर सावली अजिबात नसते. न्यूझीलंडचं ऊन फसवं आहे. हवा गार, वारा सुटलेला, अंग तापल्यासारखं वाटत नाही, पण तीव्र अतिनील किरण चटकन त्वचा जाळतात. भर उन्हाळ्यात १५ मिनिटं पुरतात. सनस्क्रीन दर दोन तासांनी पुन्हा लावा, कानांच्या पाळ्या आणि पायाचे वरचे भाग विसरू नका, रुंद कडांची टोपी घ्या. सूर्य गेला की मात्र समुद्रावरून वारा येतो आणि स्वेटर लागतोच.

२६ ला रोहित आणि धवन यांनी १५४ धावांची सलामी दिली. रोहित ८७, धवन ६६, शेवटी धोनी नाबाद ४८, एकूण ४ बाद ३२४. कुलदीपने पुन्हा चार बळी घेतले आणि सामना ९० धावांनी जिंकला.

२७ ला विश्रांती. २८ च्या सोमवारी ऑकलंड प्रांताच्या वर्धापनदिनाची सुट्टी होती, ती या भागातही पाळतात. अशा दिवशी अनेक कॅफे बिलावर साधारण १५ टक्के जादा आकार लावतात. दारावर पाटी असते, ती वाचून आत जा. टेलर ९३ वर खेळत होता तरी यजमान २४३ वर थांबले. हार्दिक पांड्याने मिडविकेटला झेपावून विल्यमसनचा जो झेल घेतला, तो उतारावरून तर अशक्यच वाटला होता. रोहित ६२, कोहली ६०, आणि २००९ नंतर प्रथमच भारताने न्यूझीलंडमध्ये एकदिवसीय मालिका जिंकली. कोहलीचा दौरा इथेच संपला, त्याला विश्रांती दिली होती.

२९ ला महिला. झुलन गोस्वामीने २३ धावांत तीन बळी घेतले, लक्ष्य १६२. दोन गडी लवकर गेले आणि मग स्मृती नाबाद ९०, मिताली नाबाद ६३. म्हणजे लागोपाठच्या दोन दिवसांत, एकाच हिरवळीवर, दोन्ही भारतीय संघांनी आपापली मालिका खिशात घातली. हे दोन्ही दिवस ज्यांनी पाहिले त्यांची संख्या फार नव्हती.

३० जानेवारी ते १ फेब्रुवारी, हॅमिल्टन

कायमाई डोंगर ओलांडून दीड तास. त्या आठवड्यात न्यूझीलंडमध्ये उष्णतेची लाट होती आणि हॅमिल्टन वायकाटो नदीकाठचं सखल गाव असल्याने वारा नव्हता. समुद्रकिनाऱ्यावरून येणाऱ्याला हा फरक पहिल्या तासातच जाणवतो.

सेडन पार्कवर ३१ ला जे घडलं ते समजून घेण्यासारखं आहे. तेव्हा एकदिवसीय सामन्यात दोन नवे पांढरे चेंडू असायचे, प्रत्येक टोकाला एक. म्हणजे कोणताही चेंडू जास्तीत जास्त २५ षटकं जुना व्हायचा. पांढरा चेंडू एरवी काही षटकांतच हवेत वळायचा थांबतो. त्या दिवशी थांबला नाही. न्यूझीलंडचा वेगवान गोलंदाज बोल्ट याच भागातला. त्याच्या चेंडूची शिवण (सीम) उभी राहिली की डावखुऱ्या कोनातून चेंडू उजव्या फलंदाजाच्या आत शिरतो. त्याने आपली दहाही षटकं सलग टाकली, २१ धावांत ५ बळी. दुसऱ्या टोकाला डी ग्रँडहोम होता. त्याचा वेग कमी, पण टप्पा एकच, ३ बळी. रोहितचा २०० वा एकदिवसीय सामना, शुबमन गिलचं पदार्पण, दोघेही बोल्टच्याच हातात झेल देऊन परतले. ९२ वर सगळे बाद, सर्वाधिक धावा दहाव्या क्रमांकावरच्या चहलच्या, नाबाद १८. यजमानांनी १५ षटकंही घेतली नाहीत.

चूक कुठे झाली? चेंडू इतका वळत असताना भारतीय फलंदाज हात शरीरापासून दूर नेऊन मारायला गेले. उशिरा आणि शरीराजवळ खेळायला हवं होतं. विल्यमसन नेमकं तेच करतो, म्हणून त्याची फलंदाजी त्याच्या देशात बघावी.

दिवसरात्रीचा सामना संध्याकाळ नीट पडायच्या आतच संपला, हातात मोकळा वेळ उरला. हॅमिल्टन गार्डन्सला जा. तिथे मुघल धाटणीची चारबाग आहे, नदीच्या काठावर.

१ फेब्रुवारीला मिताली राजचा २०० वा एकदिवसीय सामना. तिच्याआधी एकाही महिलेने एवढे सामने खेळले नव्हते. महिलांचा डावही १४९ वर कोसळला, दीप्ती शर्माच्या ५२ सोडल्यास काही नाही, आणि न्यूझीलंड आठ गडी राखून जिंकलं. मालिका २-१. माउंटला दोघे जिंकले, हॅमिल्टनला दोघे हरले.

२ आणि ३ फेब्रुवारी, वेलिंग्टन

हॅमिल्टन ते वेलिंग्टन गाडीने सात तास लागतात. त्यापेक्षा भाड्याची गाडी हॅमिल्टनला सोडा आणि रेल्वे घ्या. नॉर्दर्न एक्सप्लोरर रोज धावत नाही. त्या हंगामात दक्षिणेकडे सोमवार, गुरुवार आणि शनिवार होती आणि २ तारीख शनिवारी आली, हे वेळापत्रकातलं सुख. रौरिमूजवळ चढ इतका तीव्र आहे की रूळ स्वतःभोवती पूर्ण वळसा घेऊन वर चढतात. पुढे रुआपेहू ज्वालामुखी दिसतो. उघड्या डब्यात उभं राहून हे पाहावं, पण टोपी हातात धरा.

वेलिंग्टनला एक चूक हमखास होते. बेसिन रिझर्व्ह हे कसोटीचं जुनं मैदान, वेस्टपॅक स्टेडियम (२०२० पासून स्काय स्टेडियम) वेगळं. पांढऱ्या चेंडूचे सामने रेल्वे स्टेशनशेजारच्या वेस्टपॅकला होते, स्टेशनातूनच पादचारी पूल थेट दारात जातो. गोल आकारामुळे गावकरी त्याला केकचं भांडं म्हणतात. खेळपट्टी दुसरीकडे तयार करून इथे आणून बसवलेली असते. कुकच्या सामुद्रधुनीतून येणारा वारा या भांड्यात गोल फिरतो, त्यामुळे झेंडे एका दिशेला आणि चेंडू दुसऱ्या. वरच्या रांगा स्वस्त असल्या तरी जाकीट घ्या.

रोहितने पहिल्या तासात ओल असताना मुद्दाम फलंदाजी घेतली. ४ बाद १८. हॅमिल्टन पुन्हा घडतंय असं वाटत होतं, पण रायुडू टिकून राहिला. आधी विजय शंकरबरोबर ९८, मग पुण्याच्या केदार जाधवबरोबर ७४. रायुडू ९०, शंकर ४५, केदार ३४, आणि शेवटी हार्दिकने २२ चेंडूंत ४५. एकूण २५२. रायुडूच्या या ९० हून चांगली एकदिवसीय खेळी या दौऱ्यात झाली नाही, रोहितची ८७ धरूनही.

न्यूझीलंडचा नीशम सामना ओढून नेत होता. केदारच्या चेंडूवर पायचीतचं अपील झालं, सगळे पंचांकडे बघत राहिले, नीशम क्रीजबाहेर पडला. धोनीने चेंडू उचलून यष्ट्यांवर मारला. नीशम ४४ वर धावचीत. भारत ३५ धावांनी जिंकला, मालिका ४-१.

६ फेब्रुवारी, पुन्हा वेस्टपॅक

वैतांगी दिन, राष्ट्रीय सुट्टी. मधले दोन दिवस ‘ते पापा’ संग्रहालय आणि क्युबा स्ट्रीटला द्या. इथली फ्लॅट व्हाइट कॉफी आपल्या कॅपुचिनोपेक्षा कमी फेसाची आणि जास्त कडक असते.

दुपारी स्मृतीने २४ चेंडूंत अर्धशतक केलं, टी-ट्वेंटीत तेव्हाचं भारतीय महिलांचं सर्वांत जलद. लक्ष्य १६०, धावफलक १ बाद १०२. ती ५८ वर गेली आणि बाकीचे सगळे गडी ३४ धावांत गेले. संध्याकाळी सायफर्टने ४३ चेंडूंत ८४ मारले, न्यूझीलंड २१९, भारत १३९. धावांच्या फरकाने टी-ट्वेंटीतला भारताचा तोवरचा सर्वांत मोठा पराभव. जोडसामन्याला नऊ-दहा तास मैदानात जातात. दोन्ही संघ हरले की परतीचा पूल फार लांब वाटतो.

८ फेब्रुवारी, ऑकलंड

ईडन पार्क रग्बीचं मैदान. समोरची सीमारेषा अवघ्या ५५ मीटरवर, चुकलेला फटकाही षटकार होतो. म्हणून गोलंदाज सरळ मारू देत नाहीत. कृणाल पांड्याने टप्पा आखूड आणि वेग बदलता ठेवला, ३ बळी. रोहितने २९ चेंडूंत ५० करताना न्यूझीलंडच्या गप्टिलला मागे टाकलं आणि पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटीत तेव्हाचा सर्वाधिक धावांचा मानकरी झाला. त्याआधी जेमिमाचे ७२, पण महिलांचा सामना शेवटच्या चेंडूवर हातातून गेला.

इथे गाडी नेऊच नका. किंग्सलँड स्टेशन मैदानाला लागून आहे. आणि सामन्याआधी सँडरिंगहॅम रोडवर चालत जा. भारतीय दुकानांची, खानावळींची तिथे रांगच आहे. दोन आठवडे बटाट्याचे चिप्स आणि खिमा भरलेले मिन्स पाय बघून कंटाळलेल्या शाकाहारी माणसाला डोसा आणि थाळी इथे मिळते.

१० फेब्रुवारी, हॅमिल्टन

त्याच सेडन पार्कवर दोन्ही संघांचा शेवटचा दिवस. महिलांपुढे १६२. स्मृती पुन्हा एकटी लढली, ६२ चेंडूंत ८६. शेवटच्या षटकात १६ हव्या होत्या, १३ झाल्या. दोन धावांनी हार.

काही तासांनी पुरुषांपुढे २१३. मन्रोच्या ७२ धावांनी न्यूझीलंडने २१२ केले होते. कार्तिक आणि कृणाल जोडीने अखेरच्या षटकांत ६३ काढल्या. साउदीच्या शेवटच्या षटकात हव्या होत्या पुन्हा १६. तिसऱ्या चेंडूवर कार्तिकने एकेरी धाव नाकारली, धावत आलेला कृणाल परत गेला. शेवटच्या चेंडूवर कार्तिकने षटकार मारला, तेव्हा सामना हातातून गेलेला होता. चार धावांनी हार. दुपारचं षटक ज्यांनी पाहिलं होतं, त्या उतारावरच्या मोजक्या लोकांनी १६ हा आकडा फलकावर येताच एकमेकांकडे पाहिलं.

हॅमिल्टनहून ऑकलंड विमानतळ दीड तासावर आहे. सामना रात्री उशिरा संपतो, त्यामुळे परतीचं विमान दुसऱ्या दिवशी दुपारनंतरचंच घ्या.